फेरेट दात खात होता

अण्णा, मागच्या महिन्यात एका दुपारी एक बाई टोपलीत फेरेट घेऊन आपल्या घराच्या पुढच्या खोल्यांतल्या माझ्या दवाखान्यात आल्या. तुम्ही हा प्राणी कधी पाहिला नसेल. मुंगसासारखा लांबडा, अंगानं मऊ. लोक मांजरासारखा घरात पाळतात, पण नगरात मोजक्याच घरी. बाई शिक्षिका. नवरा गेल्यावर भाचीनं तो पुण्याहून आणून दिलेला. दोन दिवस खात नाही, लाळ गाळतो, तोंडाशी सारखा पंजा मारतो, म्हणजे दातातच काहीतरी अडकलं असेल, असं त्यांचं म्हणणं. मी विष्ठेचं विचारलं. त्यांनी कागदात गुंडाळून आणली होती. काळी, डांबरासारखी चिकट, म्हणजे आत रक्त जात होतं. तेवढ्यात वीज गेली, पंखा थांबला आणि बारीक करकर ऐकू आली. फेरेट दात खात होता.

पारनेरला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात तुम्ही मलमपट्टी करणारे ड्रेसर होतात. मी सातवीत असेन. आजारी म्हशीसमोर तुम्ही मला उभं करता, बडबडणाऱ्या मालकाला गप्प करता. "ऐक. दात खाती हाय. लई दुखतंय तिच्या पोटात. मालकाला न्हाई आलं ऐकू तर चालंल, तुला आलं पायजे." मला येत नाही म्हटल्यावर तुम्ही रागावता, आणि ऐकू येईपर्यंत मला तिथून हलू देत नाही.

फेरेटच्या पोटावर बोटं फिरवली. एका जागी टणक लागलं, तसा तो आखडला. आतड्यात काही अडकलंय, आजच पोट उघडावं लागेल, नाहीतर तो वाचणार नाही, असं मी बाईंना सांगितलं. त्यांनी टोपलीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "घरात दुसरं कुणी नाही हो, डॉक्टर."

वीज आल्यावर माझ्या सहकारी डॉक्टरांनी भूल दिली. फेरेटचा जबडा सैल पडला, जीभ बाहेर आली. करकर मात्र थांबली नाही. ती मागच्या खोलीतून येत होती, तुमची खाट होती तिथून. सहकाऱ्यांना विचारलं, काही ऐकू येतंय का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी चपलेच्या रबराचा तुकडा बाहेर काढला, टाके घातले, पण तिकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटच्या महिन्यात तुम्ही त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचात. पित्त झालंय म्हणायचात. मला ती करकर तेव्हाही ऐकू यायची, अण्णा. शौचाला काळं होत होतं, हे आईनं नंतर सांगितलं. मी विचारलंच नव्हतं. तुम्हाला झोप लागावी म्हणून, असं सांगून मी दुपारी दार ओढून घ्यायची.

चौथ्या दिवशी फेरेट खाऊ लागला. त्याला न्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, दुखणं दाताचं नाही, पोटाचं आहे, हे कसं ओळखलंत? पुस्तकात वाचलं होतं, असं मी म्हणाले. तुम्ही शिकवलंत, हे ओठांवर आलं होतं. पण या घरात, मागच्या खोलीला ऐकू जाईल असं, तुमचं नाव मोठ्यानं घ्यायची मला भीती वाटली.