नसलेला ओढा

सोमवार, ४ मार्च

म्हणे ओसाड माळरान! कॉलनीच्या दाराशी पितळी पाटी लावलीय – ‘पूर्वी येथे ओसाड माळरान होते.’ मग आम्ही काय इतकी वर्षं दगड खाऊन जगलो? आमचं रान होतं. शेजाऱ्यांचं होतं. मधून ओढा वाहायचा. कॉलनी बांधताना ओढा पाइपात घातला, वर फरशी टाकली, आणि आता म्हणे माळरान!

सेक्रेटरीला विचारलं. म्हणाला, “ताई, इतिहास थोडक्यात लिहावा लागतो.”

थोडक्यात म्हणजे खोटा का?

“पितळ महाग आहे हो.”

पाटीखाली नोटीस. मागचं गेट येत्या एक तारखेपासून कायमचं बंद. सुरक्षेसाठी. आमची जुन्या घरांची रांग भिंतीबाहेर, ते गेट बरोबर आमच्या दारासमोर. सासूबाई रोज संध्याकाळी त्या गेटातून रानात जातात. रान नाही. तरी जातात.

मंगळवार, ५ मार्च

सेक्रेटरीच्या बायकोचे हॉलचे पडदे शिवायला घेतले. कापड असं निसरडं की मासा बरा. सुई मोडली. अस्तर वेगळं. येत्या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी त्यांच्याकडे पाहुणे यायचेत, त्याच्या आत पाहिजेत.

ह्यांना गेटाचं सांगितलं. म्हणाले, “जाऊ दे.” रान विकायच्या वेळी दिरानं विचारलं तेव्हाही हेच म्हणाले होते. जाऊ दे! गेलंच की सगळं.

बुधवार, ६ मार्च

आज हातातलं काम टाकून सासूबाईंच्या मागून गेले. रोज वॉचमन जातो सोबत – मिशीवाला. बिचाऱ्याचं ते काम नव्हे.

सासूबाई नाकासमोर चालतात. कोपऱ्यावरच्या बाकापाशी थांबल्या. लुगडं घोट्याच्या वर धरलं, पाय उचलला आणि एक लांब ढांग टाकली. कोरड्या फरशीवर! मागोमाग मिशीवाल्यानंही टाकली.

“तुम्ही कशाला उडी मारता?”

“एकदा नाही मारली तर आजी केवढ्यानं ओरडल्या. मेल्या, पाय भिजतील!”

दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या घरापुढे आमचं रान. डॉक्टरीणबाई खुर्ची बाहेर ठेवतात. सासूबाई बसून पाखरं हाकतात. समोर पीक नाही, गाडी उभी असते. डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, “राहू द्या हो. माझ्या गाडीवर आता चिमणीसुद्धा घाण करत नाही.”

अंधार पडायच्या आत “चल रे, झालं” म्हणून उठतात. घरी येऊन पोटभर जेवतात. मागं एकदा गेटाला कुलूप होतं, तर गजांना कपाळ टेकून उभ्या राहिल्या. हलेनात. त्या दिवशी नाही जेवल्या, दुसऱ्या दिवशीही नाही.

एवढीच गोष्ट आहे. सुरक्षा कसली डोंबलाची!

शुक्रवार, ८ मार्च

सेक्रेटरीकडे गेले. म्हणाला, “जमीन विकली ना तुम्ही? मग वाट कसली मागता?”

म्हटलं, “विकली. मग तुम्हीच सांगा सासूबाईंना. मी सांगते तर दर वेळी नव्यानं रडतात. एक दिवस तुम्ही सांगा, मी तोवर पडदे शिवते.”

मग म्हणाला, “मोठ्या गेटानं आणा की.”

बरं.

शनिवार, ९ मार्च

नेलं मोठ्या गेटानं. चार पावलं आत आल्या आणि थांबल्या. “हे शेजाऱ्यांचं. लोकांच्या उभ्या पिकातून जायचं? लाज नाही का गं तुला?”

म्हटलं, “अहो, पीक कुठाय? डांबर आहे!”

“तुडव मग,” म्हणाल्या, आणि मागं वळल्या. जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलल्याही नाहीत. हे म्हणाले, “जाऊ...” मी बघितलं. पुढचं बोलले नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

पडदे झाले. चुण्या छान पडल्यात. माणसं वाईट, कापड चांगलं.

बुधवार, १३ मार्च

आज मागच्या गेटानंच गेलो. बाकापाशी मिशीवाल्यानं उडी मारायला पाय उचलला. सासूबाई थांबल्याच नाहीत. लुगडं धरलं नाही, ढांग टाकली नाही. सरळ चालत गेल्या, पाण्यातून.

खुर्चीपाशी मला म्हणाल्या, “हे कुणाचं घर गं? आपण कशाला आलो इथं?” बसल्या नाहीत. गाडीवर कावळा बसला होता. बघत राहिल्या. हाकलला नाही.

येताना मिशीवाला खाली बघून चालत होता. बाकापाशी मी उडी मारली. मग त्यानं मारली.

तशीच सेक्रेटरीकडे गेले. त्याला कळलं होतं. “मग आता आजी येणार नसतील, तर प्रश्नच मिटला.”

म्हटलं, नाही मिटला. गेट मला पाहिजे. आता मला. आणि पाटीवर ओढा पाहिजे. पितळ महाग असेल तर रंगानं लिहा. उद्या, गुरुवारी, दिवेलागणीपर्यंत काय ते सांगा.

त्यांचे पाहुणे परवा यायचेत. पडदे घडी करून माझ्या कपाटात आहेत.