दोन गाड्या, एक कंबर

सोमवार, १० नोव्हेंबर

लिहायला बसावं लागलं, कारण काल विष्णुपंतांनी जाहीर केलं — "मी यापुढे कुठल्याही गाडीत बसणार नाही." नवरा असं म्हणून मोकळा होतो आणि निस्तरायचं मी!

झालं ते असं. कमरेच्या ऑपरेशननंतर काल पहिल्यांदा त्यांना घेऊन बदलापूरला निघाले. तिथे त्यांची मोठी बहीण राजाबाई, म्हणजे माझ्या वन्सं, खुबा मोडून अंथरुणावर आहेत. भावंडांनी एकमेकांना जूनपासून पाहिलेलं नाही. अंबरनाथ पश्चिमेतून निघालो, कसेबसे चिखलोलीपर्यंत पोचलो. तिथे म्हणाले, "मीनल, वळव गाडी." चेहरा पांढराफटक. वळवली.

रिक्षा याहून वाईट. स्टेशनचे जिने त्यांना चढवत नाहीत. म्हणजे गाडीच.

आमच्या चिरंजीवांचं, देवदत्तचं, निदान तयारच होतं. "आई, तेरा वर्षांची गाडी आहे ती. सस्पेन्शन संपलं तिचं. माझ्या गाडीसारखी नवी क्रॉसओव्हर घेऊन टाक." क्रॉसओव्हर म्हणजे जीपसारखी उंच दिसणारी, पण आतून साधी मोटारच. आमची जुनीही त्याच जातीची, फक्त तेव्हा तिला एवढं भारी नाव नव्हतं.

घेऊन टाक म्हणे! मी रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत जन्म काढला. तपासल्याशिवाय रंगाचा एक डबा कधी नापास केला नाही. मग गाडी तशीच नापास करू?

तर तुलना करायची. आमची जुनी विरुद्ध देवदत्तची नवी. रस्ता तोच, वेळ तीच, प्रवासी तोच, चालक तोच — म्हणजे मी. चालक बदलला की निष्कर्ष कचऱ्यात. चिखलोलीपर्यंत जायचं आणि परत. जिच्यात विष्णुपंतांना निभेल, तीच त्यांना वन्संकडे नेणार.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे मी नमुना का?"

"हो."

"बरं." ते त्याच कारखान्यात उत्पादन विभागात होते. माझ्या शेऱ्यापुढे वाद चालत नाही, हे त्यांना लग्नाआधीपासून माहीत आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

चाचणीआधी जुनी गाडी धड हवी. उल्हासनगरला हिरामणच्या गॅरेजात नेली. तो गाडीखाली शिरला आणि खालूनच हसायला लागला.

"ताई, स्प्रिंगांत ह्ये रबर कोनी कोंबलंय?"

आमच्याच दिवट्याने! सोसायटीच्या उतारावर गाडीचं पोट घासायचं, म्हणून देवदत्तने कधीतरी स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी बफर बसवून आणले होते. गाडी उंच झाली म्हणून तेव्हा आम्ही कौतुकही केलं होतं.

"उंची भेटली, पन स्प्रिंगला दबायला जागाच नाय. गाडी टाचांवर चालतेय ना!" हिरामणने रबर काढून माझ्यापुढे ठेवले. शॉकअप तपासले, ते ठणठणीत.

तिथूनच देवदत्तला फोन लावला. "अगं आई, तेव्हा सगळेच बसवत होते." सगळेच!

मग हिरामणला शेजारी बसवून गाडी चालवून पाहिली. एकच चक्कर, मार्केटातून. तो सबंध वेळ वरचं हँडल दोन्ही हातांनी धरून बसला होता. उतरल्यावर म्हणाला, "ब्रेक येकदम ओके हाय ताई. सगले चेक झाले." काम चोख करतो, पण मनाने भित्रा वाटला.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जुनी गाडी, चाचणी पहिली.

स्टेअरिंग जड. दंड भरून येतात, पण चाकाखाली काय आहे ते हाताला समजतं. खडी, वाळू, नवं डांबर, सगळं. टायर जाड गालांचे, बारीक खड्डे गिळून टाकतात. मोठ्या खड्ड्यानंतर मात्र एकदा डुलते, उगीच आणखी एकदा डुलते, मग शांत होते. वळणावर कलते. विष्णुपंत एकदा माझ्याकडे, एकदा दाराकडे. रबर काढल्याचा फरक मला स्वतःला जाणवला. बसणाऱ्याला जाणवायलाच हवा.

"दहापैकी किती?"

"चार."

"फक्त चार? रबर काढूनसुद्धा?"

"आधी तीन होते."

चिखलोलीपर्यंत जाऊन आलो, वळव म्हणाले नाहीत. पण उतरल्यावर बराच वेळ दार धरून उभे होते. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वन्संचा फोन. "मीनल, विष्णूला आणतेस की त्याचा फोटो पाठवतेस? रोज उशांना टेकून दाराकडे तोंड करून बसते मी. शेजारीण म्हणते, तिकीट काढून बसलात का!" एवढं बोलून हसल्या. मी म्हटलं, "आणते."

शनिवार, १५ नोव्हेंबर

नवी गाडी, चाचणी पहिली. एरवी ती चैत्राली चालवते, आमची सून. आज सुट्टी म्हणून मिळाली. देवदत्तने किल्ली देताना अशा सूचना दिल्या, जसं काही मी आयुष्यात पहिल्यांदा चाक पाहतेय.

स्टेअरिंग मिक्सरच्या बटणासारखं. एका बोटाने फिरतं आणि हाताला काही म्हणजे काही सांगत नाही. वळणावर कलत नाही, हे मान्य. टायर मात्र मोठ्या चाकांवर ताणून बसवलेले, पापडाएवढे पातळ! दिसायला झोकदार, पण बारीकसा खड्डाही ठक्कन लागतो. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की सगळं बदलतं. जणू रस्त्याला कुणी इस्त्री केली. तिथे जुनी हिच्या जवळपासही नाही.

फक्त ही बोलते फार. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला — टूं टूं. पुढची रिक्षा जवळ आली — टूं टूं टूं! मी म्हटलं, "गप बस गं!"

विष्णुपंत म्हणाले, "बरोबर बोलतेय ती."

"किती मार्क?"

"चार."

"जुनीला चार, नवीलाही चार? अहो, इतक्या वेगळ्या दोन नमुन्यांना एकच आकडा कसा येईल?"

"मग साडेचार लिही."

"कुणाला?"

"तुला वाटेल तिला."

अशाने विज्ञान होत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

दोष परीक्षकात असू शकतो. म्हणून आज त्यांच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला. खालच्या मजल्यावरच्या वेणूबाई खिडकीतून ओरडल्या, "अहो मीनलताई, घरच्याच माणसाला पळवून नेताय का?" विष्णुपंतांनी टॉवेलखालून हात हलवला. लाज नाही!

आधी नवी, मग जुनी. आवाजावरून दोन्ही गाड्या बिनचूक ओळखल्या. म्हणजे परीक्षक जागेवर आहे. मार्क — चार आणि चार.

जेवायला देवदत्त-चैत्राली इथेच होते. देवदत्त म्हणाला, "आई, खरं सांगू? मुळात तू पार्किंगमधून निघतेसच अशी की —"

चैत्रालीने त्याच्या भातावर एवढं वरण ओतलं की वाक्य बुडालं.

निघते कशी? वेळेवर निघते! काय म्हणायचं होतं कोण जाणे. वरणाची चव वाखाणून विषय बदलला सगळ्यांनी.

सोमवार, १७ नोव्हेंबर

विष्णुपंतांनी वन्संना फोन करून सांगितलं, "अक्का, यंदा नाही जमायचं. तू लवकर बरी हो, तूच ये." ब्याऐंशी वर्षांच्या, खुबा मोडलेल्या बाईला म्हणतात, तूच ये! मी स्वयंपाकघरात होते. कुकरची शिट्टी झाली ते बरं झालं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मी डोळे तपासायला रिक्षाने गेले. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, वर सांगितलं, आज गाडी चालवायची नाही. चैत्रालीला फोन केला. तिने आज घरूनच काम घेतलं होतं. नवी देवदत्तने नेलेली, म्हणून ती आमची जुनी गाडी काढून न्यायला आली, आणि शेजारच्या सीटवर कोण? विष्णुपंत! कुठल्याच गाडीत न बसणारे!

"तिने विचारलं, येता का बाबा. आलो."

मी मागे बसले. सगळं धूसर दिसत होतं, पण ती काय करतेय ते कळत होतं. आमच्या चाचणीचाच, पाइपलाइनसाठी खणलेला भिकार रस्ता. ही पोरगी स्पीडब्रेकर दिसला की लांबूनच पाय काढून घेते. हातगाडीवाला आडवा आला, थांबली. तो केळी सावरेपर्यंत थांबली! मागून हॉर्नचा नुसता गोंधळ.

"अगं, हॉर्न दे! घुसव!"

"घुसवते हं आई," म्हणाली आणि घुसवली नाही.

घरी पोचायला नेहमीपेक्षा कितीतरी वेळ लागला. उतरा म्हटलं तर विष्णुपंत जागचे हलेनात. वाकून पाहिलं, तर झोपले होते. तोंड उघडं टाकून. जुन्या गाडीत, त्या रस्त्यावर.

"किती?" जागे झाल्या झाल्या विचारलं.

"आठ."

कमरेसाठी घेतात त्या गोळीचा अंमल असणार. शिवाय रबर काढल्यावर स्प्रिंगा बसायला चार-आठ दिवस जातात. तेही असेल.

गुरुवार, २० नोव्हेंबर

डोळे स्वच्छ. सकाळी त्याच रस्त्याने जुनी गाडी मी काढली. कालच्याच वेळची गोळी, त्याच स्प्रिंगा. विष्णुपंतांचा हात पार्किंगच्या फाटकातच हँडलकडे गेला. पहिल्या स्पीडब्रेकरला त्यांनी डोळे मिटले. गाडी अजून स्पीडब्रेकरपर्यंत पोचायचीच होती. चार.

दुपारी चैत्रालीला म्हटलं, आता तुझी नवी काढ, ह्यांना चिखलोलीपर्यंत नेऊन आण. मी गेले नाही. खिडकीत उभी राहिले. परत आले ते गप्पा मारत. साडेसात. अर्धा मार्क कशाला कापला? "बारीक खड्डे लागतात हिचे. आपली जुनी मऊ आहे."

म्हणजे गाड्यांमध्ये फरक आहे, अर्ध्या मार्काचा. मोडक्या रस्त्याला जुनी, मोकळ्या रस्त्याला नवी. उरलेले मार्क गाड्यांचे नाहीत. चाचणीत एकच गोष्ट मी कधी बदलू दिली नव्हती.

आज शेरा लिहवत नाही.

रविवार, २३ नोव्हेंबर

ह्यांना विचारलं, "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

म्हणाले, "तू गाडीला मार्क विचारलेस. चालवणारीला कुठे विचारलेस?"

चैत्रालीच्या हवाली केल्या: जुन्या गाडीच्या दोन्ही किल्ल्या. मी मागे बसले. प्रत्येक स्पीडब्रेकरला माझा पाय दाबला जात होता. मागे ब्रेक नसतो.

बदलापूर इथे वन्संच्या हवाली केला: भाऊ, नग एक. वाटेत झोपला होता. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला. पोच मिळाली.