विवराच्या तळातली हाक

८ जून
विवरात उतरणाऱ्या सफारी गाड्यांच्या गेटवर माझी नवी नोकरी. वहीत रोज संध्याकाळी ‘सर्व गाड्या वर आल्या’ एवढंच लिहायचं, असं किमारोसाहेबांनी आल्याआल्या बजावलं. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, खोटी हजेरी कधी भरली नाही. म्हणून ही माझी वेगळी वही. बाकी जागा झकास! काठावर धुकं, ताटात केळी-मांसाचं गरम कालवण, खाली विवरात मुंग्यांएवढ्या रानम्हशी. ड्रायव्हर सिफाएली माझा जुना विद्यार्थी निघाला. म्हणाला, “बाई, आता सिंहसुद्धा रांगेत उभे राहतील!”

९ जून
कुठं कोणतं जनावर दिसलं, हे ड्रायव्हर वायरलेसवर एकमेकांना कळवतात. आज चार वाजता कुणी तरी सांगितलं, जंगलाजवळ गेंडा आहे, पिल्लासकट. एकही गाडी वळली नाही. सिफाएली म्हणाला, तो एलियाकिम ड्रायव्हरचा आवाज. गेल्या वर्षी तो पाहुण्यांना वर पोचवून परत उतरला आणि गेंडा शोधायला रस्ता सोडून दलदलीत शिरला. गाडी मिळाली, तो नाही. त्याला उत्तर द्यायचं नसतं. एवढे बाप्ये आणि असले भित्रे! सगळ्यांना झापलं.

१० जून
पुन्हा तोच आवाज. मीच बटण दाबून दरडावलं, कोण बोलतंय, नाव सांग. पलीकडून माझंच वाक्य परत आलं. माझ्याच आवाजात.

११ जून
बंद पडलेल्या गाडीला चाक द्यायला सिफाएली एकटाच खाली विवरात उतरला होता. वायरलेसवर मी बोलले — मी नाही! तोंडही उघडलं नव्हतं. “सिफाएली, जंगलाकडे ये. लगेच.” बटण दाबून जाऊ नकोस म्हणून मी किंचाळले; ते त्याला पोचलंच नाही. तो म्हणाला, “आलो, बाई.” माझा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता.
सहा वाजले. तो नाही. किमारोनं माझ्यासमोर लिहिलं, सर्व गाड्या वर आल्या. निर्लज्ज!

१२ जून
गाडी सापडली. इंजिन चालू, दार उघडं. शोध घ्या म्हटलं. साहेब म्हणतात, पळाला असेल, पाहुणे घाबरतील, गप्प बसा. त्याच्या आईला काय सांगू —
दुपारी वायरलेसवर तो. “बाई, तुम्हीच बोलावलंत ना? मग कुठं आहात?”

१३ जून
कुणी जात नाही. मी जाते.
किमारोच्या हाती दिलं : गेटच्या किल्ल्या दोन. वही एक, आजच्या पानावर ‘सिफाएली खाली आहे’, माझ्या अक्षरात. वायरलेस एक, बंद करून. सही घेतली.
सही करताना बंद वायरलेस त्याच्या हातात बोलला. माझा आवाज — मी पोचले, साहेब, सिफाएली इथंच —
मी तर अजून गेटवरच उभी