ध्रुव सरकला म्हणे

९ जानेवारी १९३३, सोमवार

आत्माराम काय वाचून गेला आज! तेव्हापासून मला काही काम सुचत नाही.

माझा हा धाकटा भाऊ शाळेत मास्तर आहे. मासिक आलं की आमच्या ओटीवर बसून मला वाचून दाखवतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, ते मी चौथीतच शिकले. त्याची सवय झालीय. पण आज म्हणतो, सूर्यही एका जागी नाही! पृथ्वी, मंगळ, गुरू, सगळं लटांबर घेऊन तो आकाशगंगेत पळत सुटलाय. सेकंदाला दीडशे-दोनशे मैल! एक फेरा पुरा व्हायला वीस कोटी वर्षं! हसत हसत सांगितलं, शेंगदाणे खाल्ले आणि गेला निघून.

मला कसलं हसू येतंय? ह्यांची शिडाची फत्तेमारी मंगलोरहून कौलं भरून निघालीय. हे तिचे तांडेल. आमच्या घरचा नेम आहे — तांडेल दर्यावर असला की घरातली जड वस्तू जागची हलवायची नाही. जातं नाही, पाटा नाही, पाण्याचा रांजण नाही. सासूबाई म्हणतात, "घर जाग्यावर असलं तरच त्येला सापडतं गो." लग्नापासून डोळ्यांत तेल घालून पाळलं मी हे. आणि इथे आमचं अख्खं मांडवी बंदर घरासकट पळतंय! हे निघाले तेव्हा घर जिथे होतं, तिथे आता काहीच नाही.

१० जानेवारी

पाणी भरताना तोल गेला. दाराची चौकट धरून उभी राहिले. सासूबाईंनी बघितलं. "दिवस गेलेत काय गो?" नाही म्हटलं. काय सांगू, की जमीन पळतेय?

१२ जानेवारी, गुरुवार

आत्मारामाला गाठलंच. म्हटलं, "ध्रुव? ध्रुव तरी जागेवर आहे ना?"

"तोही चाललाय, आक्का. सगळेच चाललेत. पण ते इतके लांब आहेत की आपल्या जन्मात केसभर फरक दिसायचा नाही."

केसभर! दर्यावर केसभर चुकलं की खडक. हे रात्री ध्रुवावर नजर ठेवूनच सुकाणू धरतात. मास्तराचं काय जातंय बोलायला! त्याचा फळा कुठे जात नाही.

१३ जानेवारी

आज यायला हवे होते. नाही आले.

१५ जानेवारी, रविवार

शेजारच्या गंगुबाईच्या नवऱ्याची बोट लागली. ती तीळगूळ घेऊन आली आणि उंबऱ्यातूनच म्हणाली, "तुमची माणसं तर आमच्या आदी सुटली मालवणातनं. अजून नाय आली?"

तीळगूळ तसाच देवापुढे ठेवला. ती गेल्यावर माझा धीरच सुटला. सासूबाईंना सगळं सांगून टाकलं — सूर्याचं, ध्रुवाचं, घराचं. वाटलं, मला वेड्यात काढतील. नाही काढलं. जात्याजवळ जाऊन बसल्या, त्यावर हात ठेवला. "मंग आपलं काय चुकलं गो? आपण तर काय सुदिक हलवलं नाय." आणि पदर डोळ्यांना लावला. म्हातारीला उगाच सांगितलं. आता भीती दोघींत वाटली गेली, पण कमी काही झाली नाही.

१८ जानेवारी

भगवतीला नारळ बोलले.

२० जानेवारी, शुक्रवार

आले! आले! मी अनवाणीच बंदरावर धावले.

पण फत्तेमारीची एक बाजू फाटलीय. पूर्णगडाजवळ खडकाला घासली. अर्धी कौलं दर्यात टाकली तेव्हा कशीबशी वर राहिली. माणसं सगळी वाचली. ह्यांचा जुना खलाशी केरू, एरवी इतका बडबड्या, आज माझ्याकडे बघेचना. "राती वाट चुकली," एवढंच हे म्हणाले. इतक्या वर्षांत हे कधी चुकले नाहीत!

जेवताना मी ते सगळं सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला.

"कोण बोललं?"

"आत्माराम. छापून आलंय."

ह्यांनी घास परत ताटात ठेवला. मग एकदम म्हणाले, "तसंच असंल. मला वाटलंच. ध्रुव सरकलाय!"

म्हणजे खरंच तसं!

२३ जानेवारी, सोमवार

हे बंदरावर भेटेल त्याला तेच सांगत सुटलेत. कुणी हसतं, कुणी मान वर करून बघतं. फत्तेमारीच्या मालकाला मात्र पटलं. छापून आलंय म्हणजे झालं! डागडुजी उरकली की पुढची खेपही ह्यांनाच.

आत्माराम भडकला. "आक्का, असं होणं शक्यच नाही! तांडेलच चुकले असतील." मीही सोडलं नाही. म्हटलं, एक वेळ ध्रुव चुकेल, हे नाही चुकायचे. तो ताडकन उठून गेला.

भांडले खरी. पण बाजू ती कसली घेतली! ध्रुव सरकला असेल तर पुढच्या खेपेला हे कशाकडे बघून येणार?

२९ जानेवारी, रविवार

दिवेलागण झाली तशी ह्यांना अंगणात नेलं. म्हटलं, दाखवा तरी मला, कुठे सरकलाय.

ह्यांनी मान वर केली, बोट उचललं. "तो बघ. वायंच खाली आलाय. दिसला?"

दुपारपासून मळभ आहे. आभाळात एक चांदणी नाही.

मी "दिसला" म्हटलं. आत येताना हे उंबऱ्याला ठेचकाळले, मी हात धरला. उद्याच्या भरतीला हे निघायचेत.