ओठ हलवायचे, झालं

४ जून
बोलावणं आलंच! प्राचार्य फादरांच्या खोलीत जाऊन बसले. नीतिशास्त्राच्या तासाला शिकवताना मी मुलांशी बोलले ते त्यांच्या कानावर गेलंय – आई मरणाच्या दारात असेल तेव्हाही गर्भपात पापच, हे मला पटत नाही, आणि कॅथलिक राहूनही असं म्हणता येतं. फादर चिडले नाहीत. चिडले असते तर बरं! शांतपणे म्हणाले, "तुझं मत घरी ठेव गं. चर्चच्या कॉलेजात चर्चच्या नावावर ते खपवू नकोस."

५ जून
आज तासाला नुसतं पुस्तकातलं वाचून दाखवलं.

८ जून
दरवर्षी सत्र सुरू होताना आमचा सगळा धर्मशास्त्र विभाग चॅपलमध्ये बिशपांच्या मागोमाग शपथ म्हणतो. यंदा तिच्यात नवं वाक्य घातलंय – गर्भपात कुठल्याही कारणानं योग्य नाही, हे मी मनापासून मानतो. माझ्यामुळेच! जो म्हणणार नाही त्याची नोकरी गेली. नोकरी गेली की हे क्वार्टरही गेलं. मग आईला आणि चिमणीला घेऊन जाऊ कुठं?

चिमणी माझ्या धाकट्या बहिणीची. बहीण गेली ती चर्चच्याच इस्पितळात, दुसऱ्या खेपेला, पाचव्या महिन्यात. ताप चढत होता. बाळ वाचणार नव्हतंच, पण त्याचे ठोके चालू आहेत तोवर हात लावता येणार नाही, म्हणाले डॉक्टर. ठोके थांबेपर्यंत तीही हातची गेली. आता ते वाक्य मी कुठल्या तोंडानं म्हणू?

९ जून
आईला सांगितलं. रडली. "दोन्ही जीव देवाचेच होते. कुणाला ठेवायचं नि कुणाला नाही, हे आपण ठरवायचं का?" मग डोळे पुसून म्हणाली, "म्हणून टाक बाई. डोक्यावरचं छप्पर घालवू नकोस."

चिमणी दाराआड उभी. "मावशी, तू नाही ना म्हणणार?" बारा वर्षांची पोर! 'नाही म्हणणार,' असा शब्द देऊन बसले मी.

११ जून
चर्चचा इतिहास शिकवणारे सर – आम्ही त्यांना 'आजोबा' म्हणतो – चहा ढवळता ढवळता पुटपुटले, "एवढा घोर कशाला? त्या वाक्याला नुसते ओठ हलवायचे, झालं. पंधरा आवाजांत एक कमी, कुणाला कळतंय?"

देवच पावला!

१२ जून
आज आजोबा एकेकाला कोपऱ्यात घेऊन कुजबुजत होते. मी जवळ गेले की गप्प! माझीच चहाडी करताहेत, दुसरं काय. घरी आरशासमोर ओठ हलवून बघितले. चिमणी म्हणाली, "मासा दिसतेस." हसूही आलं नाही.

१४ जून
उद्या. प्रभू, माझा आवाज झाकून घे.

१५ जून
शपथ झाली. आई आणि चिमणी मागच्या बाकावर होत्या. बिशपांनी ते वाक्य म्हटलं – आणि चॅपल चिडीचूप. सगळेच नुसते ओठ हलवणारे! म्हणजे आजोबांची कोपऱ्यातली कुजबुज हीच! फादरांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. माझी पाचावर धारण बसली, आणि मी म्हणाले. अख्खं वाक्य, खणखणीत. एकटी मीच!

नोकरी राहिली. बिशपांनी डोक्यावर हात ठेवला. घरी येताना चिमणीनं माझा हात धरला नाही.