अराबाच्या साखळीत मी घुसडलेली ओळ

मी, इबो क्वान्सा, वय सहासष्ट, निवृत्त प्रोग्रॅमर, राहणार सेकोंडी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना आणि कुणाच्याही दडपणाविना लिहितो. फुप्फुसं गेली आहेत, डोकं अजून जागेवर आहे.

१. माझी होडी आणि जाळी बहिणीचा मुलगा फिफी याला. आमच्या रीतीने मामाचा वारसा भाच्याकडे जातो, म्हणजे घरही त्यालाच जायचं. दर रविवारी येऊन तो छपराचे पत्रे न्याहाळतो, माझी तब्येत मात्र विचारत नाही.

२. घर मी अराबा एसिल्फी हिला देतो. कारण लिहिणं भाग आहे.

दवाखान्यात ती माझ्या हाताखाली होती. प्रोग्रॅममधले माझे सगळे लूप, म्हणजे एकेका नावासाठी तेच काम पुन्हा करायला लावणाऱ्या ओळी, काढून तिने तिथे स्ट्रीम बसवलं, म्हणजे यादी एका टोकाने सोडायची आणि साखळीतल्या एकेका पायरीतून न्यायची. मी म्हणालो, "पोरी, तीस वर्षं एकेक रुग्ण हाताने मोजलाय मी." ती म्हणाली, "मग काका, आता हाताला जरा विश्रांती द्या." सगळे हसले. मला ते झोंबलं.

पुढे डायलिसिसच्या तारखा बदलल्या. रुग्णांना कळवायची ओळ तिच्या साखळीत मी घातली, तीही लूपच्या सवयीने: एकेकाला संदेश पाठव, शेवटी मोज. पण स्ट्रीम उत्तराला लागेल तेवढंच काम करतं. यादीत किती जण आहेत हे त्याला आधीच ठाऊक होतं, म्हणून मधली पायरी गाळून त्याने नुसता आकडा दिला. पडद्यावर आलं, 'पाठवले: ४१'. एकही संदेश गेला नव्हता. त्या यादीतले आमिसा मास्तर जुन्याच तारखेला आले, डायलिसिस न होताच बंद दारावरून परतले आणि तिसऱ्या दिवशी वारले.

चूक मला त्याच आठवड्यात सापडली. तरी चौकशीत मी म्हणालो, "साखळी अराबाची आहे." तिची नोकरी गेली. सात वर्षं मी तोंड उघडलं नाही. ती ओळ माझी होती. मला स्वतःची किळस येते.

३. हा कागद दवाखान्यात आणि आमिसांच्या घरी मोठ्याने वाचावा.

आज अराबाला बोलावून हे सगळं वाचून दाखवलं. मग तिने विचारलं, "साक्षीदार कोण?"

"शेजारचे पाद्री. दुसरा शोधतोय. तू चालणार नाहीस, साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातलं काहीच मिळत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पेन द्या."

सेकोंडी, ९ ऑगस्ट २०२५
सही: इबो क्वान्सा

साक्षीदार:
१. पाद्री जोनाथन आर्मो
२. अराबा एसिल्फी