कुंपणावरचा दोर

१२ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू तो घेणार नाहीस हे ठाऊक आहे, तरी दारात ठेवते. फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवलंय. त्यांना निदान चहा दे. राग माझ्यावर आहे, त्यांच्यावर काढू नकोस.

माझी पाठ धरली होती, ती सुटली. तुझा खोकला कसा आहे? डॉक्टरकडे गेलास, की "आपोआप बरा होतो" हेच पालुपद?

तुझ्याकडून उचलून आणलेली तुझी ठमाबाई इथे आमच्या केंद्रात मजेत आहे. नाक वाहायचं थांबलं, बाटलीभर दूध एका दमात संपवते आणि खोली झाडायला येणाऱ्या मावशींना ढुश्या मारते. मावशी म्हणतात, "या पाडसाला माणसाची भीती म्हणून नाही!" मला हसू आलं आणि काळजीही वाटली. जंगलात जगायचं तर ती भीती हवीच ना!

आमच्या कामाला तू दोरांचा खेळ म्हणतोस. मिठाच्या पाण्यात भिजवलेले सुती दोर आम्ही झाडांना बांधतो, हरणं ते चघळतात, मग दोर पिळून लाळ तपासायची. शोधायचं काय, तर माणसांकडून त्यांच्यात गेलेला विषाणू. "जनावरांचं माणसाला लागतं, उलटं कुणी ऐकलंय?" म्हणून तू हसला होतास.

ऐक, दादा. ठमीच्या लाळेत तो सापडला. तुझ्या घशातून घेतलेल्या नमुन्यातही तोच. दोन्ही ताडून पाहिले. तुझाच खोकला तिला लागला. बाटली उकळायचास, हात धुवायचास, सगळं मान्य. पण कोवळा पाला आधी स्वतः चावून मऊ करायचास आणि मग तिच्या तोंडात द्यायचास. त्याशिवाय ती खातच नव्हती. तिला जगवलं तूच, हे मी अहवालात अगदी वर लिहिलंय.

आता जे टाळत इथवर आले, ते लिहिते. ठमी तुझ्याकडे परत येणार नाही. तपासणीत विषाणू दिसेनासा झाला, की नदीपलीकडच्या कळपात सोडायची. तोवर तिला कुणी हाक मारणार नाही, कुरवाळणार नाही. हा निर्णय साहेबांचा नाही, माझा आहे. वहिनी गेल्यापासून त्या घरात तुला तिचाच काय तो आधार होता, हे माहीत असून घेतलाय. फार वाईट वाटतं, पण बदलणार नाही. शिव्या घालायच्या तर मला घाल.

आणि एक काम आहे. तुझ्या मागच्या कुंपणाशी रोज कळप येतो, ठमी तारेतून त्यांच्या नाकाला नाक लावायची. त्यांनाही लागण झाली असेल तर आत्ताच कळायला हवं. काकांच्या पिशवीत दोर आणि मास्क आहेत. मास्क लावून पहिला दोर तूच बांध. त्यांच्या वाटा तुझ्याइतक्या कुणाला ठाऊक आहेत? नाही बांधलास तर मी येऊन बांधेन, सोडलास तर पुन्हा बांधेन. हट्टीपणात मी तुझीच बहीण आहे.

खोकल्याचं औषध पिशवीच्या तळाशी आहे. ते घे.

आई गेल्यावर जिला तू असेच घास चावून भरवलेस, ती तुझी
धाकटी